पहिल्या मजल्याची गॅलरी

"समुद्राकडे तोंड असलेली पाचव्या मजल्यावरची खोली देते, बाई. तिथून थेट सिसिलीचा डोंगर दिसतो," हॉटेलातली मुलगी फोनवर म्हणाली.

मी म्हटलं, पाचवा नको. पहिला द्या.

पहिल्यावरून समुद्र नीट दिसत नाही, रस्त्यावरची माणसंच दिसतात, असं ती बिचारी समजावायला लागली. तिचं काही चुकत नव्हतं. आयुष्यात तिला पहिल्यांदाच असं गिऱ्हाईक भेटलं असणार.

"हे बघ पोरी," मी म्हटलं, "आम्हाला समुद्र बघायचा नाहीये. आम्ही लोकांना दिसायला हवं."

मग मी पुढचे प्रश्न विचारले. गॅलरीसमोर झाड आहे का? ती अभिमानाने म्हणाली, एकशे सहासमोर मोठं झाड आहे, छान सावली पडते. मग एकशे सहा नको, म्हटलं. खालच्या कॅफेचं कापडी छत गॅलरीच्या आड येतं का? एकशे चारला येत नाही. रविवारी सकाळी सव्वाअकराला गॅलरीत कॉफी मिळेल का? नाश्ता दहाला संपतो, ती म्हणाली. पण मी फोन सोडत नाही म्हटल्यावर कॉफीही मिळाली. शेवटी तिने हळूच विचारलं, तुमचं काही शूटिंग आहे का? मी म्हटलं, तसंच समज.

शेजारी माझी वहिनी असुंता ओढणीचं टोक चावत बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "वन्सं, हे पाप नाही ना?"

"एकशे चार नंबरची खोली आहे, वहिनी. पाप नाही."

आता मुळातून सांगते. मी मिकेलिना. पिएत्रालोंगा गावात शिवणकाम करते. लग्न केलं नाही, तोंड मात्र भरपूर चालवलं. माझा भाऊ बिआजिओ सहा वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको असुंता आता सत्तरीची आहे. आमच्याकडे नणंद-भावजयीचं पटलं तर लोक संशय घेतात, पण आमचं पटतं.

दोन वर्षांपूर्वी वहिनीला सावेरिओ भेटला. भेटला म्हणजे काय, होताच. आमच्या गावाहून रेज्जो शहराला जाणारी बस सत्तावीस वर्षं त्यानेच चालवली. त्याचीही बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आधी वाणसामानाच्या पिशव्या घरापर्यंत आणून द्यायचा, मग रविवारी चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसायला लागला, आणि गेल्या पानगळीत त्याने लग्नाचं विचारलं. वहिनी माझ्याकडे धावत आली आणि रडायला लागली. मला वाटलं कोणी मेलं की काय.

गावाने खुसपूस केली आणि विसरलं. अडलं ते लेकीपाशी. रोझालबा रेज्जोत राहते. नवरा फुल्वियो मोठा वकील. सासू एर्सिलियाबाई निवृत्त मुख्याध्यापिका, जिच्यासमोर अजूनही अर्धं रेज्जो शर्टाची बटणं लावून उभं राहतं. रोझालबाला आईचं लग्न म्हणजे नाचक्की वाटली. तेही या वयात, तेही बस-ड्रायव्हरशी. ईस्टरच्या जेवणासाठी तिने फोन केला आणि सांगितलं, आई, तू ये, त्यांना आणू नकोस. वहिनी गेली नाही. ईस्टरचा कोकराचा रस्सा आम्ही दोघींनी माझ्या शिवणाच्या टेबलावर खाल्ला आणि तो दोघींनाही गोड लागला नाही.

त्याहून वाईट पुढे झालं. सावेरिओच मागे सरला. भला माणूस आहे, पण भली माणसं कधीकधी डोक्याला ताप होतात. तो वहिनीला म्हणाला, "लेकीचं घर तोडून मी माझं घर मांडणार नाही. तिने स्वतःच्या तोंडाने मला बोलावलं तर लग्न. नाहीतर आपण आहोत तसे बरे." वहिनीने विनवण्या केल्या, मी शिव्या घातल्या. तो टोपी हातात फिरवत बसायचा आणि नाहीच म्हणायचा. सहा महिने रोझालबाला समजावलं, पत्रं पाठवली, पाद्रीबाबांनाही मध्ये घातलं. सरळ बोटाने तूप निघेना.

मग ऑक्टोबरात मला हॉटेल सुचलं.

आमच्या लोकांत एक गोष्ट सगळे जाणतात. शहरात आपलं माणूस राहत असताना पाहुणा हॉटेलात उतरला, तर तो पाहुण्याचा दोष नसतो. त्या घराच्या तोंडाला काळं लागतं. माझा एक चुलतभाऊ तुरीनहून आला आणि काकांची झोपमोड नको म्हणून एक रात्र हॉटेलात राहिला. काकांनी अकरा वर्षं त्याच्याशी अबोला धरला. आणि इथे तर सख्खी आई, सख्ख्या लेकीच्या शहरात. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही, म्हणतात ते काही उगाच नाही.

पण हॉटेलात राहून भागत नाही, ते कळावं लागतं. म्हणून मी आधीच्या रविवारी एकटीच बसने रेज्जोला गेले आणि किनाऱ्यावरच्या पिवळ्या हॉटेलासमोर चष्मा लावून उभी राहिले. दहाची प्रार्थना सुटली की सगळं शहर नटूनथटून त्या रस्त्याने फेरी मारतं. एर्सिलियाबाई आपल्या दोन मैत्रिणींबरोबर अकरा वाजून वीस मिनिटांनी हॉटेलाखालून गेल्या. तिसऱ्या मजल्यावर एक बाई कपडे झटकत होती, तिचं तोंड मला ओळखता येत नव्हतं. पहिल्या मजल्यावर एक म्हातारा दाढी करत होता, त्याच्या गालावरचा तीळसुद्धा दिसला. तेव्हा मजला ठरला.

दोन खोल्या घेतल्या. एकशे चारमध्ये आम्ही दोघी, सावेरिओला मागच्या बाजूची. लेकीचं नाक दाबायचं होतं, आपलं कापायचं नव्हतं. सावेरिओला आम्ही यातलं अक्षर सांगितलं नाही. समुद्राची हवा खायला जाऊ, एवढंच म्हटलं. वहिनीला मी डाळिंबी रंगाचा झगा शिवला. सहा वर्षं काळं नेसलेल्या बाईला तो अंगावर चढवायलाच पाऊण तास लागला. आरशासमोर ती उभी राहिली आणि म्हणाली, मी कोणीतरी दुसरीच दिसते. मी म्हटलं, दिसू दे. मला आतून इतकं बरं वाटत होतं की माझ्या भावाची शपथ घेऊन सांगते, तोही टाळ्या वाजवत असणार.

रविवारी सव्वाअकराला कॉफी आली. वहिनी गॅलरीच्या कडेला, शेजारी सावेरिओ, आणि मी दारात, म्हणजे मला खालचं दिसावं. सावेरिओ निरागसपणे म्हणाला, इथून समुद्र काही फारसा दिसत नाही. मी त्याला साखर दिली.

ठरल्या वेळी एर्सिलियाबाई आल्या. तिघींचीही पावलं एकदमच थांबली.

"अहो विहीणबाई," वहिनी वरून म्हणाली, आणि तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही, "कशा आहात?"

"मी बरी आहे. पण तुम्ही इथे कशा? रोझालबाकडे नाही उतरलात?"

"तिला कशाला त्रास? तिच्या टेबलाशी आम्हा दोघांना जागा नाही."

हे वाक्य आम्ही पाठ केलं नव्हतं. वहिनीच्या पोटातून आलं ते. खालचे लोक चालायचे थांबले. एर्सिलियाबाईंनी सावेरिओकडे एकदा नीट पाहिलं, पर्समधून फोन काढला आणि पाठ वळवली.

रोझालबा चौदा मिनिटांत आली. मी घड्याळ लावलं होतं. घरातल्या सपाता, कमरेला ॲप्रन, बोटांना टोमॅटो. धापा टाकत खोलीत शिरली आणि म्हणाली, "आई, हे काय मांडलंयस?"

"कॉफी पितोय."

"माझं घर दहा मिनिटांवर असताना? लोक काय म्हणतील, आईला लेकीने दारात उभं केलं नाही?"

"मग खोटं म्हणतील का?"

सावेरिओच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. त्याने कप ठेवला, उठला आणि म्हणाला, मी बाराच्या बसने परत जातो. वहिनी त्याच्याकडे न बघता म्हणाली, "बसा." तो बसला.

मग वहिनी लेकीसमोर उभी राहिली. "तू म्हणालीस एकटी ये. सहा वर्षं एकटीच आले मी. एकटी जेवले, एकटी बसने घरी गेले, कुलूप उघडून अंधारात दिवा शोधला. तू कधी विचारलंस, आई, पोचलीस का? हे विचारतात. मला तुझी परवानगी नकोय, रोझालबा. मला तुझ्या टेबलाशी दोन खुर्च्या हव्यात."

रोझालबा म्हणाली, "बाबांच्या खुर्चीवर बसवू त्यांना?"

इतका वेळ मी गप्प होते, हाच माझ्यासाठी विक्रम. "तुझे बाबा माझे सख्खे भाऊ होते," मी म्हटलं. "भाऊ मेला माझा. वहिनी मेलेली नाही."

रोझालबा पलंगाच्या कडेवर बसली आणि ॲप्रनमध्ये तोंड लपवून रडली. आम्ही रडू दिलं. खाली लोकांचा घोळका वाढत होता, हे खरं. पण तिचं ते रडणं लोकांसाठी नव्हतं, एवढं मला कळतं. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, गालाला टोमॅटो लागला, आणि ती सावेरिओला म्हणाली, "चला जेवायला. तुम्हीही."

आणि हा शहाणा काय विचारतो? "मनापासून बोलावतेस, की खाली लोक आहेत म्हणून?"

मला त्याला कॉफीच्या किटलीने हाणावंसं वाटलं. वहिनीने डोळे मिटले.

"खाली लोक आहेत म्हणून," रोझालबा म्हणाली.

सावेरिओ तिच्याकडे बघत राहिला आणि मग हसला. "खरं बोललीस. येतो जेवायला. लग्नाचं अजून नाही."

म्हणजे अर्धीच लढाई जिंकली होती. आम्ही चौघं खाली उतरलो आणि रस्त्याने निघालो. रोझालबाचं घर दहा मिनिटांवर, पण रविवारी दुपारी त्या रस्त्याने दहा मिनिटांत कोणी कुठे पोचत नाही. पावलापावलाला ओळखीचं माणूस थांबवतं, गालाला गाल लावतं, आणि अनोळखी चेहऱ्याकडे बघत उभं राहतं. ओळख करून द्यावीच लागते.

पहिल्यांदा भेटली फुल्वियोच्या भागीदाराची बायको. रोझालबा घाईघाईने म्हणाली, हे आमच्या गावचे एक गृहस्थ. वहिनी जागच्या जागी थांबली. नुसती डाळिंबी झग्यात भर रस्त्यात उभी राहिली. रोझालबा मागे वळली आणि म्हणाली, आईचे मित्र आहेत. वहिनी चालू लागली.

पुढे डॉक्टर भेटले, त्यांना 'आईचे जवळचे मित्र' सांगितलं. बेकरीवाली भेटली. तिने सरळच विचारलं, अय्या, म्हणजे लग्न? रोझालबा म्हणाली, "बघू." मग एर्सिलियाबाई आपल्या मैत्रिणींसह समोर उभ्या. त्यांनी सावेरिओला आपादमस्तक न्याहाळलं आणि सुनेला म्हणाल्या, "हे काय करत होते?"

याच प्रश्नाला रोझालबा वर्षभर घाबरत होती.

"बस चालवायचे," ती म्हणाली. आवाज आधी बारीक होता, मग मोठा झाला. "सासूबाई, मी शाळेत जायचे तेव्हा आमचं घर गावाच्या टोकाला होतं. मला रोज उशीर व्हायचा. हे चौकात हॉर्न वाजवत थांबायचे. सगळी बस ओरडायची, पण पाच वर्षांत एकदाही मला टाकून गेले नाहीत. त्या शाळेमुळे मी इथे आहे." बोलता बोलता तिचं तिलाच ते आठवत असावं, कारण ती मध्येच थांबून सावेरिओकडे बघायला लागली. सावेरिओ म्हणाला, तू धावायचीस फार हळू.

एर्सिलियाबाई पहिल्यांदाच हसल्या. हात पुढे केला. सावेरिओने आधी आपला हात पँटला पुसला, मग त्यांच्या हातात दिला.

घराच्या कोपऱ्यावर रोझालबाचे म्हातारे शेजारी भेटले, रेज्जोतले निवृत्त मास्तर. त्यांनी अजून काही विचारलंही नव्हतं. रोझालबाने स्वतःहून सांगितलं, "मास्तर, हे सावेरिओ. डिसेंबरात माझ्या आईचं यांच्याशी लग्न आहे. नवरी आमच्या घरातून निघेल."

वहिनीने माझं कोपर इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे निळं पडलं होतं. डिसेंबरचं कोणी काढलंच नव्हतं. आम्ही दोन खुर्च्या मागायला आलो होतो.

"अरे वा," मास्तर म्हणाले. "किती तारखेला?"

रोझालबाने आईकडे पाहिलं नाही. सावेरिओकडे वळली. "तुम्हीच सांगा, काका. आता तर मीच बोलावतेय. इथे खाली लोकही फारसे नाहीत."

सावेरिओने टोपी काढली. सत्तावीस वर्षं वेळापत्रक पाळलेला माणूस तो, पण आता टोपी हातात फिरवत राहिला. दोनदा खाकरला. मग म्हणाला, "बारा डिसेंबर. सकाळी अकरा."

वहिनीने भर रस्त्यात त्याचा हात धरला, आणि कोण बघतंय, हे या वेळी तिने पाहिलंसुद्धा नाही.