वाट पाहायची दोन क्रियापदं

टर्नरने चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातलं. केसाएवढी चूकही त्याच्या नजरेतून सुटत नसे. निवृत्त झाल्यावर मात्र तो वाचनालयाच्या वरच्या खोलीत इंग्रजीच्या वर्गाला बसू लागला. कारण एकच, सुनेला पत्र लिहायचं होतं.

मुलाने मराठी न येणारी, इंग्रजी बोलणारी मुलगी पसंत केली तेव्हा तो म्हणाला होता, "जिच्याशी दोन शब्द बोलता येत नाहीत तिच्या लग्नात मी काय करू? भिंतीकडे बघत बसू?" आणि हट्टाने गेला नाही. बायको असती तर कान धरून घेऊन गेली असती. त्यानंतर मुलाने कधी फोन केला नाही, याने केलेला उचलला नाही. चार वर्षं झाली. नात झाल्याचंही पुतणीकडून कळलं.

शिकवणाऱ्या बाई वयाने लहान. त्याचा मसुदा वाचून त्यांना हसू आवरेना.

"काका, 'आय अ‍ॅम एक्स्पेक्टिंग' एवढ्यावर थांबू नका. तुम्हाला दिवस गेलेत असं वाटेल त्यांना!"

सगळा वर्ग खो खो हसला. टर्नरही हसला. "या वयात? शेजारी काय म्हणतील!"

मग त्याने विचारलं, "पण बाई, वाट बघतोय म्हणायचं तर वेट की एक्स्पेक्ट?"

"तुम्ही स्टॉपवर उभे राहता ते वेट. बस येणार असं मनाला वाटतं ते एक्स्पेक्ट."

"म्हणजे येईल असं वाटत नसलं तरी वेट करता येतं?"

"येतं, काका."

त्याने एक्स्पेक्ट खोडलं. लग्नाला आलो नाही, चूक माझी. तुमची वाट बघतोय, एवढंच त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि पत्र टाकलं.

सात आठवड्यांनी सुनेचं उत्तर आलं. मुलगी बरी आहे, चालायला लागली आहे. तुमचं पत्र मी यांना दाखवलं, यांनी ते वाचलं नाही. आणि शेवटी एक ओळ होती: वुई डू नॉट एक्स्पेक्ट यू टु वेट.

दुसऱ्या दिवशी तो वर्गात सर्वांच्या आधी पोचला. "बाई, यात दोन्ही आलेत."

बाईंनी ओळ वाचली. "तुम्ही थांबावं अशी त्यांची अपेक्षा नाही, काका. सुनेने सौजन्याने नकार कळवलाय."

"कळलं मला ते. चांगली पोर आहे." त्याने पत्र घडी करून खिशात ठेवायला घेतलं, पण ज्या बोटांनी आयुष्यभर सूतभर इकडेतिकडे होऊ दिलं नाही, त्यांना खिसा सापडेना. "चार वर्षांपूर्वी ही भाषा शिकायला मला कोणी अडवलं होतं, बाई?"

इतर विद्यार्थी येऊ लागले. बाईंनी फळ्यावर नवा धडा लिहिला. टर्नर वही उघडून बसला होता, पण फळा त्याला धूसर दिसत होता. शेजारी बसलेल्या विद्यार्थिनीने काही न विचारता त्याची वही आपल्याकडे ओढली आणि सगळा धडा उतरवून दिला.