वाखाची फळी

आठ माणसं फळीवर उभी राहिली, त्यांचा फोटो पेपरात आला, आणि आमच्या कॉलेजात अकलेला सुट्टी लागली.

साल चौऱ्याहत्तर. लोखंड मिळेना, म्हणून चनबसप्पा सरांनी सिमेंटात घायपाताचा वाख, म्हणजे दोर वळायचे धागे, घालून छपराच्या फळ्या केल्या. सोलापुरात सूत रंगवणाऱ्यांची नवी वसाहत होत होती, तिथं त्या बसणार होत्या. मी, मायाप्पा, सरांच्या प्रयोगशाळेतला मदतनीस.

एकदाच वजन ठेवलं तर फळी पेलते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तार काही एका झटक्यात तुटत नाही, वाकवत राहिलं की तुटते. म्हणून मी एक फळी मोटारीच्या यंत्रावर चढवली. ते तिला मधोमध दाबायचं, सोडायचं, पुन्हा दाबायचं. वजन फक्त दोन माणसांचं. अठ्ठावीस हजार वेळा वाकली आणि कडकन मोडली. आतला वाख सिमेंटातून सुटून आला होता.

सर हसले. इतक्या वेळा छपरावर नाचणार कोण, म्हणाले. मी म्हटलं, ओलं सूत वाळत घालायला बायका रोज धाब्यावर चढतात. दिवसाला चाळीस खेपा धरल्या तरी दोन वर्षांत आकडा भरतो. सरांनी माझ्या चाचणीचा कागद फायलीला लावलाच नाही. आपल्याकडे खुर्चीबरोबर अक्कलही मिळते, असा समज आहे.

वसाहतीतलं एक घर माझ्या थोरल्या बहिणीला, फुलाबाईला मिळणार होतं. सांगोल्याकडची आमची मेंढरं दुष्काळात मेली, तेव्हापासून अक्का सूत रंगवायच्या कामावर होती. मी तिला सगळं सांगितलं. वरच्या साहेबांकडे अर्ज करतो म्हटलं. तिनं हातातलं सूत खाली ठेवलं.

"दोन पावसाळं बारदानाखाली काडलं मी. तू अर्ज केलास तर घरच न्हाय मिळायचं. गप बस की."

मी गप्प बसलो. बहिणीच्या शब्दाखातर बसलो, असं सांगायला बरं वाटतं. खरं म्हणजे नोकरीचीही भीती होती. जनाची नाही, मनाची तरी लाज वाटायला हवी होती.

फळ्या बसल्या, अक्काला घर मिळालं. फळी मोडायला दोन वर्षंही लागली नाहीत. ओल्या सुताचं पाणी मुरून वाख कुजला असावा. एका सकाळी डोक्यावर सुताचा भारा घेऊन धाब्यावर चालताना पायाखालची फळी मोडली आणि अक्का खाली आली. कंबर मोडली. ती आता कधी उभी राहणार नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं.

सर मोसंबी घेऊन इस्पितळात आले. आता तरी हा माणूस मान खाली घालेल, असं मला वाटलं. पण त्यांच्या आधी अक्काच बोलली.

"सायेब, चुकी माजीच हाय. भारा जरा जास्त घेतला. माज्यापायी तुमच्या फळीचं नाव खराब झालं."

असू दे बाई, यापुढं जपून चढत जा, असं सर म्हणाले. अक्कानं पडल्या पडल्या हात जोडले. मी खाटेजवळ उभा राहून तिच्यासाठी मोसंबी सोलत होतो.