तिसऱ्या गाण्यातला खोकला

एकवीस वर्षं मी बसस्थानकात गाड्या पुकारतेय. चौकशीच्या खिडकीमागे माझी खोली, टेबलावर माईक. माझा आवाज आला की पेंगणारा माणूसही बॅग उचलून उभा राहायचा; हे मी नाही, ड्रायव्हर लोक सांगतात. मग गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, पण जाताना माझा आवाज घेऊन गेली. उरली ती नुसती घरघर.

घरी मी तोंड मिटलं ते मिटलंच. हवं ते कागदावर लिहून द्यायचे. "लग्नानंतर पहिल्यांदा शांतता आहे घरात," आमचे हे म्हणाले. एरवी मी चांगली खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी डोळेच भरून आले, आणि ते बिचारे ओशाळले.

साहेबांचा निरोप होता: महिनाअखेर येऊन पुकारून दाखवा. जमलं तर ठीक, नाहीतर रेकॉर्ड केलेला आवाज लावू, तुम्ही सामानघरात बसा. मी आणि सामानघरात!

अशात माझी भाची राहायला आली, बहिणीची धाकटी. तिनं माझ्या कानांवर हेडफोन चढवले. "मावशी, अख्खा अल्बम ऐकायचा. मधेच काढायचे नाहीत."

अगं बाई! आधी वाटलं, कुणीतरी पत्र्याच्या डब्यांवर राग काढतंय. चार पोरांनी गॅरेजमध्ये बसून केलेला अल्बम. गिटार खरखरते, गाणारा ओरडतोय की रडतोय कळत नाही. 'यांना कुणी धड माईक दिला नाही का?' मी कागदावर लिहिलं. भाची हसली, पण हेडफोन काही काढू देईना.

तिसरं गाणं संथ होतं. गाणाऱ्याचे वडील गेलेले, दाराशी राहिलेल्या त्यांच्या चपलांबद्दल तो गात होता. गाता गाता आवाज चिरकला. थांबला. खोकला. मागून कुणीतरी विचारलं, "पहिल्यापासून घ्यायचं?"

"नको, इथूनच," तो म्हणाला, आणि तसल्याच आवाजात पुढे गायला.

हे सगळं त्यांनी गाण्यात तसंच ठेवलं होतं. मी ढसाढसा रडले. मग महिनाभर भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तोच अल्बम. "परत तो धिंगाणा?" हे विचारायचे. मी दुर्लक्ष करायचे आणि त्या पोराबरोबर घोगऱ्या आवाजात गायचे.

महिनाअखेरीला माईकसमोर बसले. शेजारी साहेब, रेकॉर्डिंगच्या बटणाजवळ हात ठेवून. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर..." आणि आवाज चिरकला की मेला! साहेबांचा हात बटणाकडे गेला. मी सरळ त्यांचं मनगट धरलं, खोकले आणि पुढे बोलले, "...लागलेली साडेदहाची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे."

काचेपलीकडे माणसं उठली, बॅगा उचलून चारकडे निघाली. एका ड्रायव्हरनं खिडकीत डोकं घातलं. "बाई, आलात? बरं झालं." साहेबांनी मनगट सोडवून घेतलं आणि म्हणाले, "उद्या सकाळपाळी तुमची."

घरी येऊन भाचीला म्हटलं, त्या गाणाऱ्याला माझा निरोप पाठव. ती टाइप करायला लागली. "लिहू नकोस. दे फोन, मी बोलूनच पाठवते."

"बाळा, मी गाड्या पुकारणारी बाई. तुझ्या त्या खोकल्यामुळे..." आणि आवाज पुन्हा चिरकला.

"मावशी, पुसून परत करायचं?"

मी मानेनंच नको म्हटलं, खोकले आणि बोलत राहिले. "...माझी खुर्ची माझ्याकडे राहिली. फार उपकार झाले रे."