बिनसुईची सिरिंज आणि आरतीचा दात

मित्रांनो, मी एक जुनी, बिनसुईची सिरिंज आहे. तळेघरच्या एका गोठ्यात, कुडाला खोचलेली. अंगावरचे आकडे पुसलेत, पण ताठा गेलेला नाही.

माझं खरं आयुष्य सुरू झालं ते मंचरच्या एका दातांच्या दवाखान्यात. नऊ वर्षांच्या आरतीचा गाल सुजला होता. घरच्यांनी गालगुंड समजून आठवडाभर लेप लावला. दवाखान्यातल्या एक्स-रे फोटोत दिसलं, की जबड्याच्या हाडात पाण्याची गाठ आहे आणि तिच्याखाली कायमचा दात दबून बसलाय.

"आख्खी गाठ काढली तर दातही जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यापेक्षा गाठीला लहानसं भोक ठेवू. रोज दोनदा मिठाच्या पाण्याने धुवा. गाठ हळूहळू आक्रसेल, दात वर येईल. धीर मात्र हवा."

धुण्याचं काम माझं! आजी, साळुबाई, उकळलेलं पाणी कोमट करायची, भोक बुजू नये म्हणून बसवलेलं बारकं बूच, म्हणजे गुडदी, काढायची आणि मला हलकेच दाबायची. महिन्या-दोन महिन्यांत गाल बसला. मी मिरवत होते.

मग भाताची आवणी आली. सगळं घर खाचरात. त्यातच शेळी मेली नि करडू मागे राहिलं. "गाल बसला की पोरीचा, आता कशाला धुवायचं?" म्हणत साळुबाईने माझ्यातून करडाला दूध पाजलं. गरज सरो नि वैद्य मरो! खरं सांगते, मलाही ते आवडलं. करडू जगलं, माझं कौतुक झालं. आरतीची गुडदी मात्र कुठेतरी पडली आणि भोक बुजत चाललं.

एका सकाळी तिला भाकरी चावेना. "आजी, परत दुखतंय गं."

साळुबाईचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं बाय. करडापायी नातीला इसरले मी." भर आवणी टाकून ती नातीला घेऊन निघाली.

फार उशीर झाला नव्हता. डॉक्टरीणबाईंनी भोक पुन्हा मोकळं केलं आणि नवी सिरिंज दिली. करडाच्या तोंडातली मी पोरीच्या तोंडात कशी जाणार? मी कुडाला लागले. सकाळ-संध्याकाळ घरातून चूळ भरल्याचा आवाज तेवढा ऐकायचा. फार वाईट वाटायचं.

भात कापून झालं, थंडी पडली, आणि एके दिवशी आरती पळत गोठ्यात आली. माझ्यासमोर 'आ' करून म्हणाली, "बघ, आला!" हिरडीतून तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक डोकावत होतं. मला आनंद झाला, नि लाजही वाटली.

मित्रांनो, दुखणं थांबलं तरी सांगितलेले दिवस पुरे करा. सिरिंज नवी मिळते. कायमचा दात एकदाच येतो.