निरोगी नळी

पक्षाघाताच्या रुग्णांचं रक्त निरोगी माणसापेक्षा किती लवकर गोठतं, हे मोजता मोजता संशोधक बाई बारा वर्षांत मेटाकुटीला आल्या होत्या. तुलनेसाठी निरोगी रक्त लागे. ते प्रयोगशाळेतल्याच कुणीतरी द्यायचं, अशी तिथली रीत. आज बाईंनी स्वतःचं दिलं. त्यांच्या नळीतलं रक्त रुग्णांच्या नळ्यांच्याही आधी गोठलं.

"या मेल्या मशीनला काय धाड भरलीय!" म्हणत त्यांनी द्रावण बदललं, नळी बदलली. तिसऱ्यांदाही तेच.

शेजारच्या टेबलावरच्या ताईंनी बाही वर सारून आपलं रक्त दिलं. ते त्याच मशीनमध्ये अगदी वेळेवर गोठलं.

बाईंनी मशीनवरून हळूच हात फिरवला आणि आपल्या नळीवरची 'निरोगी' ही चिठ्ठी नखानं खरवडून काढली.