पाय कुणाचे

चिंचेचा ओला फोक पाठीवर दुसऱ्यांदा बसला तेव्हा वनाने डोक्यावरची कपाशीची पाटी खाली ठेवली, नीट ठेवली, आणि मग तो पळत सुटला. कापसातून सरकी काढायच्या जिनाच्या आवारातल्या गाठींवरून उडी, फाटकाबाहेर, रूळ ओलांडून थेट गाडरस्त्याला. मागे तोताराम मुकादम फोक परजत धावत होता. यंत्रात खडा सापडला होता. तो कुणी टाकला हे मुकादमाने विचारले नव्हते. खडा सापडला की वनाला मारायचे, अशी धरणगावच्या त्या जिनातली वहिवाट होती, आणि वहिवाटीत चौकशी बसत नाही.

वनाला मार नवा नव्हता. वडील बैलाच्या कासऱ्याने मारत. ते गेल्यावर थोरल्या भावाने तो कासरा आणि ते काम दोन्ही हाती घेतले. लग्नात मेव्हण्यांनी मानपानावरून बुकलले, तेही चुकून, कारण रुसला होता भाऊ. उलटा हात वनाने कधी कुणावर उगारला नाही. तो पळायचा. त्याचे तेवढेच उत्तर होते, पण ते फार जोरकस होते.

त्या दिवशी त्याच रस्त्याने लीलाधर वकिलांचा टांगा भरधाव चालला होता. वना टांग्याच्या घोड्याला मागे टाकून गेला, हे वकिलांनी डोळ्यांनी पाहिले. मुकादमाला त्यांनी अडवले, पण मारू नका म्हणून नव्हे. पळणाऱ्याचे नाव विचारायला.

वकील धावक मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळात दोन कारकून, एक कंपाउंडर आणि आडत्याचा मुलगा अभिमन एवढे धावक होते. ते भिजवलेले हरभरे खात, मंडळाचे नाव शिवलेल्या बनियनी घालत, श्वास कुठून घ्यावा यावर वाद घालत, आणि दर संक्रांतीला एरंडोल ते धरणगाव शर्यतीत अमळनेरकरांकडून हरत. यंदा हरलो तर मंडळ बंद, असे वकिलांनी चारचौघांत बोलून ठेवले होते. संध्याकाळपर्यंत वना सभासद झाला. त्याची संमती घ्यायची राहून गेली.

सरावाला मात्र वना हळदीकुंकवाला निघाल्यासारखा पळे. सगळ्यांच्या मागे, अदबीने. वकिलांनी कारण विचारले तर म्हणाला, "आडत्याना पोऱ्याले मांगे टाकीसन जानं बरं दिसस का, साहेब?"

वकिलांनी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी मुकादमाला बोलावणे धाडले. तोताराम आला, फोक घेऊनच आला, आणि समाजकार्य म्हणून एक पैसाही न घेता वनाच्या मागे लागला. वना असा सुटला की अभिमनच्या तोंडातला हरभरा तोंडातच राहिला. पाठीवर वळ उठले. कंपाउंडरने त्यावर औषध लावले, आणि ही पद्धत शास्त्रीय असल्याचे मत दिले. तेव्हापासून रोज पहाटे सराव आणि दिवसा जिनातला नेहमीचा मार, असा वनाचा दुहेरी व्यायाम सुरू झाला. पिंडऱ्या फुटल्या. बनियन पाठीला चिकटे, ती बायकोला, शेवंताला, पाण्याने भिजवून सोडवावी लागे.

एकदा अशीच ती बनियन सोडवत असताना वनाने बायकोला सांगितले, की शर्यतीच्या दिवशी मागे कुणी नको असे मी वकिलांना सांगणार.

"मांगे कोनी नही तं पयशात कसाले?" शेवंताने विचारले. मागे कुणी नसताना माणूस पळतो कशाला, हे तिला खरेच कळत नव्हते.

वनाने पिंडऱ्यांवरून हात फिरवला. मग म्हणाला, "पाय मना शेतस का मुकादमना, ते पाहनं शे."

तो खरोखरच वकिलांकडे गेला. दाराबाहेर उभा राहून एवढेच मागितले. वकिलांनी गळ्यातल्या जानव्याला हात लावून वचन दिले. वचन देताना ते अगदी मनापासून देत, त्यामुळे ते मोडतानाही त्यांना जड जात नसे. त्याच दुपारी त्यांनी तोतारामला सांगितले, की गावाअलीकडच्या नाल्यावर बाभळीआड उभे राहा. वना मागे असला तर मारा, पुढे असला तर जास्त मारा, पुढचा माणूस ढिला पडतो.

संक्रांतीला थंडी मरणाची होती. एरंडोलहून सगळे सुटले तेव्हा वना सवयीने शेवटी होता. त्याने मागे वळून पाहिले. रस्ता मोकळा होता. आणखी दोनदा पाहिले. मग तो आपले पाय बघत पळू लागला, दुसऱ्याचे बैल जुंपून नेतोय अशा संशयाने. बैल चांगले निघाले. कंपाउंडर मागे पडला, कारकून मागे पडले. अभिमनच्या जवळून जाताना वनाने "चुकनं भाऊ" म्हटले, पण गेला. अमळनेरकरांनाही त्याने असेच एकेक करून माफी मागत मागे टाकले. शेवटी अमळनेरचा पुना पहिलवान राहिला. त्याची माफी मागायला वनाजवळ दम उरला नव्हता. तो नुसताच हसला आणि पुढे निघून गेला.

नाला आला. पलीकडे गावातले ढोल ऐकू येत होते. वना एकटा, सर्वांच्या पुढे, तोंडभर हसत नाल्यावरच्या फरशीपुलावर आला, आणि बाभळीआडून तोताराम बाहेर पडला.

पहिला फटका मानेवर बसला. वनाचे पाय जन्माच्या सवयीने उसळले, आणि त्याच क्षणी त्याने ते आवरले. आता पळाला असता तर शर्यत त्याचीच होती. पण मग ती मुकादमाची झाली असती. वना थांबला. मागे वळून उभा राहिला.

तोताराम गडबडला. उभ्या माणसाला मारायचा त्याला सराव नव्हता. त्याने पिंडरीवर मारले, खांद्यावर मारले, मग कानावर. कान फाटला, रक्त बनियनीवर आले.

"पय ना रे भो, जिंकी जाशी. मी काय उगाच मारी ऱ्हायनू का?"

"आते नही पयनार, नाना," वना म्हणाला. "तुम्ही मारा."

पुना पहिलवान बाजूने निघून गेला. मग बाकीचे अमळनेरकर, कारकून, अभिमन. अभिमन क्षणभर थबकला, पण शर्यत चालू होती. तोताराम मारत होता. फोक मोडला तेव्हा त्याने बाभळीची फांदी ओढून तोडली. तिचे काटे वनाच्या कपाळात गेले, आणि मुकादमाच्या तळव्यातही. वनाने हात उगारला नाही, डोक्यावरही घेतला नाही. डोळे मात्र उघडे ठेवले. सर्वांच्या शेवटी कंपाउंडर आला, त्याने दुरूनच जखमा पाहिल्या आणि वेग वाढवला.

शेवटी तोतारामचा हात भरून आला. तो फरशीच्या कठड्यावर बसला, धापा टाकत, आणि हाताकडे बघत राहिला. उद्यापासून जिनात येऊ नको, असे तो म्हणाला. ते ऐकायला वना तिथे नव्हता. तो पळायला लागला होता. एक पाय नीट टेकत नव्हता, त्यामुळे ते पळणे लांबून पळण्यासारखे दिसत नव्हते.

गावात पोहोचला तोवर शर्यतीची कमान उतरवून झाली होती. चषक अमळनेरकरांबरोबर स्टेशनाकडे गेला होता, आणि वकील सभासदांना वनाच्या बेइमानीविषयी सांगत घरी निघाले होते. आठवड्याचा बाजार पुन्हा रस्त्यावर पसरला होता. चुन्याने आखलेल्या शेवटच्या रेघेवर एक म्हातारी वांग्यांची टोपली मांडून बसली होती. वनाचे तोंड पाहून तिने हातातली वांगी खाली ठेवली आणि विचारले, "कोनी मारं रे भाऊ?"

"माय, टोपली जराशी सरकाव," वना म्हणाला. "माले अठून जानं शे."

तिने टोपली बाजूला ओढली. खाली वीतभर चुना शिल्लक होता. वना चार पावले मागे गेला, आणि तेवढ्यावरून पळत पलीकडे गेला.