झिजलेली मान

मी एक बास गिटार आहे. चार जाड तारांची, विजेवर बोलणारी. गाणं ऐकताना माझ्याकडे सहसा कोणाचं लक्ष नसतं. मी थांबले की मात्र काहीतरी निसटल्यासारखं वाटून लोक वर बघतात. हल्ली मला दुर्मीळ म्हणतात. माझ्यासोबतच्या बहुतेक जणी मोडल्या किंवा हरवल्या; एवढ्यावरून आलेला हा मोठेपणा मला फारसा पटत नाही.

मला घडवणारे कारागीर प्रत्येक गिटारीची मान, म्हणजे ज्यावर तारा दाबतात तो लांब दांडा, स्वतः रंध्याने घडवत. त्यांच्यामागे कारखाना घाई असलेल्या माणसांच्या हाती गेला. लाकूड ओलं असतानाच कापलं जाऊ लागलं आणि नव्या गिटारी वर्षभरात वाकू लागल्या. नाव तेवढं उरलं. शेवटी त्यांच्या मुलीने कारखाना परत घेतला. सगळे तिला ताई म्हणतात. बाबांसारखी गिटार पुन्हा करायची, असं तिने ठरवलं आणि नमुना म्हणून मला मागितलं.

माझा वादक काही केल्या तयार होईना. नाचघरांतलं त्याचं उभं आयुष्य माझ्यासोबत गेलं होतं. त्याची बायको म्हणाली, "माहेरी तर चाललीय ती. मला माहेरी सोडताना कधी डोळे ओले झाले नव्हते तुमचे." तेव्हा कुठे त्याने माझी पेटी बंद केली.

ताईने काम चोख केलं. लाकूड नीट वाळवलं. मानेचं माप मात्र तिने वरच्या टोकाजवळ घेतलं, जिथे वादकाचा हात सर्वांत जास्त असतो, आणि तोच आकार नव्या मानांना खालपर्यंत दिला. पहिला माल तयार झाल्यावर वादकाने एक गिटार वाजवून पाहिली. "हीच ती," तो म्हणाला. ताईचा चेहरा उजळला. खोकी भरायला सुरुवात झाली.

त्याच आठवड्यात एक संगीतशिक्षिका गिटार घ्यायला आली. बराच वेळ वाजवून ती संकोचाने म्हणाली, "वाईट नाहीये. पण दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं वाटतंय."

ती गेल्यावर ताईने मला मांडीवर घेतलं आणि डोळे मिटून माझ्या मानेमागून तळवा फिरवला. वरच्या बाजूला, वादकाच्या अंगठ्याखाली, एक खोलगट जागा आहे. तिथलं पॉलिश कधीच गेलं. घामाने खडबडीत झालेलं लाकूड तो वर्षानुवर्षं काचकागदाने घासत आला. खाली येता येता तो खोलगटपणा नाहीसा होतो. धडाजवळ, जिथे त्याचा हात क्वचितच गेला, तिथे मान भरीव आणि गोल आहे. तिथे तिचा तळवा थांबला.

"बाबा इथे आहेत," ती धाकट्या भावाला म्हणाली. "मी झीज मोजली."

विक्रेत्यांना माल वेळेवर देण्याचा शब्द भावाने दिला होता. खुद्द वादकाला आवडलंय, मग मानेमागे हात लावून कोण बघणार, असं त्याचं म्हणणं पडलं. हात नाही तर बास दुसरं काय लावून बघतात, असं ताईने विचारलं. तो हसला नाही.

"ताई, हा माल अडवला तर ते पुन्हा दारात उभं करणार नाहीत. आपल्या नावावर आधीच एकदा फसलेत ते."

"म्हणूनच अडवायचा."

मग ती एकटीच खोकी फोडून माना सोडवू लागली. तो बराच वेळ दारात उभा राहिला आणि अखेर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिच्याशेजारी बसला. दोन विक्रेत्यांनी खरोखरच पाठ फिरवली. बाकीचे नव्या मालासाठी थांबले.

धडाजवळच्या मापाच्या नव्या माना तयार झाल्या तेव्हा मला न्यायला आलेल्या वादकाच्या हाती ताईने तशी मान बसवलेली एक गिटार दिली. थोडी वाजवून त्याने मनगट झटकलं. "ताठ आहे," तो म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघत हळूच, "हीसुद्धा अशीच होती की. विसरलोच होतो मी."

आता मी त्याच्या खोलीत असते. बोटं आखडली आहेत त्याची. संध्याकाळी जमेल तेवढं वाजवतो. माझं मागणं एवढंच: त्या नव्या गिटारींपैकी एखादी तुमच्या हाती आली आणि परकी वाटली, तर लगेच परत करू नका. तिची मान अजून कोणाचीच झालेली नाही. थोडे दिवस वाजवा.